कुठला कोर्स घेऊ?

वैचारिक इतिहासात, म्हणजे विचार कुणी मांडले आणि ते कसे पसरले याच्या इतिहासात, एम.ए. करायला निघालेली मुलं-मुली अधूनमधून फोन करतात. प्रवेश झालेला असतो, विद्यापीठाने ऐच्छिक कोर्सांची लांबलचक यादी पाठवलेली असते आणि थोड्याच दिवसांत त्यातून निवड करून फॉर्म भरायचा असतो. प्रश्न ठरलेला असतो: "कुठला कोर्स घेऊ?" खरं म्हणजे बहुतेकांनी मनात उत्तर नक्की केलेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्कामोर्तब हवं असतं. मॅकियाव्हेली, हॉब्ज, रूसो, कांट, मार्क्स, फूको. ज्या कोर्सच्या वर्णनात ही नावं जास्त, तो कोर्स वजनदार. माझं मत जवळजवळ उलटं आहे. ते ऐकून पलीकडचा आवाज जरा हिरमुसतो, पण मी सांगते.

रूसो काय किंवा मार्क्स काय, घरी बसून वाचता येतो. चांगल्या आवृत्त्या आहेत, त्यांना जाणकारांच्या प्रस्तावना आहेत, नावाजलेल्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात. घरी बसून जमत नाही ते वेगळंच. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचं हस्ताक्षर वाचायचं, एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत काय बदललं ते शोधायचं, खटल्याचं कामकाज वाचून त्यात कोण कुणाला काय ऐकवतंय ते ओळखायचं. हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं, आपण चुकलो की तिथल्या तिथे टोकावं लागतं. विद्यापीठाची फी या टोकण्यासाठी असते, असं माझं पक्कं मत आहे.

आणि वेळ फार थोडा असतो. ब्रिटनमध्ये वर्षभराच्या मास्टर्सला १८० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण १० तासांचं काम धरतात. त्यातली ६० क्रेडिट पुष्कळ ठिकाणी प्रबंधात जातात. उरलेल्या १२० मध्ये ३० क्रेडिटचे चारच कोर्स बसतात आणि त्यातला एक सहसा सक्तीचा असतो. युरोपात इतरत्र वर्षाला ६० क्रेडिट, प्रत्येकाला २५ ते ३० तास. हिशेब फिरून तिथेच येतो. म्हणजे यादी कितीही लांब असली तरी आपल्या हातात निवडी तीन-चार. त्यातली एक "प्लेटो ते मार्क्स" छापाच्या धावत्या आढाव्यावर घालवायची का, हे बघा. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्स करून आलेल्यांनी जरूर घालवावी, त्यांना नकाशा हवा असतो. ज्यांनी बी.ए.ला राज्यशास्त्र किंवा तत्त्वज्ञान केलंय त्यांनी तोच नकाशा पुन्हा जरा मोठ्या आकारात कशाला विकत घ्यायचा?

एकच पुस्तक घेऊन सांगते. इंग्रज बंडखोर लेखक टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन'. फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडणारं ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कचं पुस्तक नोव्हेंबर १७९० मध्ये आलं. त्याला उत्तर म्हणून पेनने १७९१ मध्ये पहिला भाग काढला आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये दुसरा. हे पुस्तक यादीतल्या तीन-चार कोर्सांत तरी सापडेल. पण प्रत्येक ठिकाणी ते वेगळंच पुस्तक असतं.

राजकीय तत्त्वज्ञानाच्या कोर्समध्ये ते बर्कच्या शेजारी येऊन बसतं. परंपरा मोठी की हक्क, मेलेल्या पिढ्यांनी केलेले करार जिवंतांवर बंधनकारक असतात का. दोन तास वाद रंगतो, वर्गाचे दोन तट पडतात, सगळे खूश होऊन बाहेर पडतात. पुस्तक १७९१ चं होतं की १८९१ चं, याने त्या वादात काडीचा फरक पडत नाही. इतिहास म्हणून तिथे काय शिकलो, तर जवळजवळ काही नाही.

कायद्याच्या इतिहासाच्या कोर्समध्ये हेच पुस्तक आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असतं. पहिला भाग तीन शिलिंगांना विकला जात होता तोवर सरकारने कानाडोळा केला. दुसरा भाग आला, सहा पेन्सच्या, म्हणजे अर्ध्या शिलिंगाच्या, स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि राजद्रोही मजकुराचा खटला भरला गेला. डिसेंबर १७९२ मध्ये सुनावणी झाली तेव्हा पेन फ्रान्सला निघून गेलेला होता. वकील टॉमस अर्स्किनने त्याच्या वतीने लांबलचक बचाव केला. तो संपल्यावर सरकारी वकील उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात ज्यूरीने सांगून टाकलं, उत्तराची गरज नाही, दोषी. याच सरकारी वकिलाचं म्हणणं मुळातून वाचण्यासारखं आहे. पहिला भाग विचारी वाचकापर्यंतच जाईल आणि तो वाचक त्याचा समाचार घेईल, असं समजून आपण गप्प बसलो, असं तो सांगतो. पण दुसरा भाग वाटेल त्याच्या हातात कोंबला जातोय, मुलांच्या मिठाईलासुद्धा त्याचे कागद गुंडाळून दिले जातायत, ही त्याची तक्रार. मजकुराइतकीच किंमत आणि वाचक ही गुन्ह्याची बाजू होती, हे त्या एका तक्रारीतून जेवढं कळतं तेवढं हक्कांच्या सिद्धान्तावरची दहा पानं वाचून कळत नाही.

हा कोर्स मी घेतला तो वेळापत्रकात बसत होता म्हणून. त्यात मला एक सवय लागली, ती आजही सुटलेली नाही. कुठलंही वैचारिक पुस्तक हातात आलं की आधी त्याची त्या काळातली किंमत शोधायची, मग छापणारा शोधायचा. पेनच्या पहिल्या भागाचा छापणाराही शोधण्यासारखा आहे. जोसेफ जॉन्सन नावाचा लंडनचा प्रकाशक. प्रती तयार झाल्यावर कारवाईच्या धास्तीने त्याने हात आखडता घेतला आणि पुस्तक जॉर्डन नावाच्या दुसऱ्या माणसाकडे गेलं. जॉन्सन काही भित्रा माणूस नव्हता, बंडखोर लेखकांचा तो हक्काचा प्रकाशक होता. असा माणूस कचरला म्हणजे वातावरण काय असेल! ग्रंथव्यवहाराच्या इतिहासाचा कोर्स नेमका इथून सुरू होतो, आणि विचारवंतांच्या यादीत न सापडणारी माणसं तिथे भेटतात: छापणारे, बांधणी करणारे, वाचता न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवणारे.

चौथा कोर्स जागतिक वैचारिक इतिहासाचा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या नावाचे कोर्स पुष्कळ विद्यापीठांत आले. त्यात पेनचं पुस्तक १८४७ च्या सुमारास जोतीराव फुल्यांच्या हातात पडतं. पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' येते आणि ती अर्पण केलेली असते अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं. "पेनचा फुल्यांवर प्रभाव होता" एवढं लिहून निबंध उरकता येतो, आणि सुमार कोर्समध्ये त्याला बरे मार्कही पडतात. चांगल्या कोर्समध्ये शिक्षक विचारतात: प्रभाव म्हणजे नक्की काय झालं? राजाविरुद्ध आणि सरदारांविरुद्ध घडवलेली भाषा फुल्यांनी जातीच्या सत्तेवर रोखली, तेव्हा त्या भाषेतलं काय टिकलं, काय गळलं, काय नव्याने आलं? मध्ये मिशनऱ्यांच्या शाळांचा वाटा किती? अमेरिकेतल्या गुलामीबद्दल मराठी वाचकाला तेव्हा काय माहीत होतं आणि कुठून? या प्रश्नांची उत्तरं द्यायला मराठी येणारा विद्यार्थी लागतो. आपल्याकडची मुलं तिकडे जाऊन कांटवर प्रबंध लिहितात तेव्हा मला वाईट वाटत नाही, कांटवर कुणीही लिहावं. पण मराठी ही आपल्या हातातली साधनसामग्री आहे, हे निवड करताना त्यांच्या डोक्यातच नसतं, याचं मात्र वाटतं.

तेव्हा कोर्सच्या नावावर जाऊ नका, वाचनयादी मागवा. एवीतेवी जुनी पुस्तकं "लेखकाला इथे नक्की काय साधायचंय" हे विचारत वाचायला शिकणार आहोत, तर पहिला सराव त्या यादीवरच करावा. मी एक ठरावीक गोष्ट शोधते. इंग्रज लेखिका मेरी वुल्स्टनक्राफ्ट कुठल्या आठवड्यात आहे? तिचं स्त्रियांच्या हक्कांवरचं १७९२ चं पुस्तक बहुतेक याद्यांत असतं, आणि ते "स्त्रीवाद" नावाच्या आठवड्यात एकटं असतं. पण बर्कचं पुस्तक आलं त्याच महिन्यात, पेनच्या आधी, तिने त्याला निनावी उत्तर छापलं होतं. दुसऱ्या आवृत्तीवर नाव घातलं. राज्यक्रांतीवरच्या वादाच्या आठवड्यात ज्या यादीत ती बर्क आणि पेनच्या मधोमध उभी दिसते, त्या यादीच्या कर्त्याने इतिहास वाचलेला आहे. जिथे ती फक्त "स्त्रीवादा"त आहे, तिथे त्याने दुसऱ्या कुणाची तरी यादी वाचलेली आहे.

यादीत आणखीही बघण्यासारखं असतं. मूळ साधनं किती आणि त्यांच्यावरचे लेख किती. "निवडक उतारे" हे शब्द किती वेळा येतात. वीस वर्षांत यादीत काही नवीन शिरलंय का.

सक्तीचा जो कोर्स असतो तो पद्धतीचा, म्हणजे विचारांचा इतिहास कसा वाचायचा-लिहायचा याचा, आणि सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. मला तो वर्षातला सगळ्यात उपयोगी भाग वाटतो. इंग्रज इतिहासकार क्वेंटिन स्किनरचा १९६९ चा लांबलचक निबंध तिथे बहुतेक पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. तो वाचून विद्यार्थी आठवडाभर गप्प होतात, कारण आपण आजवर लिहिलेला प्रत्येक निबंध त्यात कुठे ना कुठे पकडला गेलेला असतो. स्किनर म्हणतो, जुन्या लेखकाला जे करायचंच नव्हतं त्याचं श्रेय किंवा दोष आपण त्याला देऊन टाकतो. तुकोबांना लोकशाहीवादी म्हणायचं, कौटिल्याला आधुनिक अर्थशास्त्राचा जनक ठरवायचं, चार्वाकाला मार्क्सचा पूर्वज बनवायचं. भाषणात हे टाळ्या घेतं, इतिहासात नुसता घोळ घालतं. पुढच्या आठवड्यांत जर्मन इतिहासकार कोसेलेक भेटतो. त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर जर्मन राजकीय-सामाजिक संकल्पनांचा कोश काढला. पहिला खंड १९७२ मध्ये आला आणि काम संपायला १९९७ साल उजाडलं. शंभरावर संकल्पना, आणि प्रत्येकीवरचा लेख म्हणजे एखाद्या छोट्या पुस्तकाचा ऐवज. स्किनर आणि कोसेलेक एकमेकांशी पटणारे नाहीत, फूको तर दोघांशीही नाही. पद्धतीच्या कोर्सने यातला एकच देव गाभाऱ्यात बसवलेला असेल तर ऐच्छिक कोर्स दुसऱ्या पंथाचा घ्यावा, एवढंच मी सुचवते.

आता थोडं एकाच ग्रंथावर सबंध सत्र घालवणाऱ्या कोर्सबद्दल. यादीत तो कंटाळवाणा दिसतो. बारा आठवडे फक्त हॉब्जचं राजसत्तेवरचं 'लेव्हायथन'? पण तसा कोर्स दिसला तर सोडू नका. १६५१ च्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाशेजारचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं: डोंगरांमागून उभा राहिलेला मुकुटधारी राजा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड, आणि त्याचं सगळं शरीर शेकडो माणसांचं बनलेलं. छापील चित्रात ती माणसं आपल्याकडे पाठ करून राजाच्या चेहऱ्याकडे बघतायत. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्ससाठी हॉब्जने जी हस्तलिखित प्रत करवून घेतली, तिच्यातल्या चित्रात मात्र त्याच शरीरातून चेहरे बाहेर बघतायत. का? राजाला भेट द्यायच्या प्रतीत एक आणि बाजारात विकायच्या प्रतीत दुसरं, असं का? की यात काहीच नाही, चित्रकाराने कामाच्या ओघात विचार बदलला? आमच्या सेमिनारात एक सबंध बैठक या दोन चित्रांवर गेली आणि एकमत झालं नाही. शिक्षिका शेवटपर्यंत आपलं मत सांगेनात. आम्ही चिडलो, आणि चिडूनच सोळावं प्रकरण पुन्हा वाचलं, जिथे हॉब्ज सांगतो की अनेकांच्या वतीने एकाने बोलणं म्हणजे काय. धावत्या आढाव्यात हॉब्जच्या वाट्याला एक आठवडा येतो, आणि त्यात ही चैन परवडत नाही.

भाषेचं मात्र कुणी विचारतच नाही. फोनवर कोर्सांची चर्चा तासभर चालते, पण "लॅटिन सुरू करू का", "फार्सी शिकू का", "मोडी वाचायला शिकले तर चालेल का" असं फार क्वचित कानावर येतं. कारण साधं आहे: भाषेच्या कोर्सला पुष्कळ ठिकाणी क्रेडिट नसतं, किंवा असलं तर नावाला असतं, आणि मेहनत मात्र सगळ्यात जास्त. अशा वेळी मी बाबासाहेबांचं उदाहरण देते. ते वैचारिक इतिहासाचे विद्यार्थी नव्हते, कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तिथे त्यांनी घेतलेल्या कोर्सांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन प्रत्येकी एक. बेरीज साठ. आज कुणाला साठ कोर्स घेऊ देणार नाहीत, आणि घेऊ दिले तरी आपल्याच्याने व्हायचे नाहीत, ते सोडा. त्यांच्या शिक्षकांमध्ये तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होते हे सगळ्यांना माहीत असतं. इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सनही होते, हे फारसं कुणी सांगत नाही. युरोपातल्या बुद्धिजीवी वर्गाचा इतिहास हा विषय अमेरिकेत वर्गात शिकवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ते एक. कोलंबियातल्या आपल्या थोर शिक्षकांची नावं बाबासाहेबांनी पुढे जी लिहिली त्यात ड्यूई, इतिहासकार शॉटवेल आणि अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांच्याबरोबर रॉबिन्सन आहेत.

त्या यादीत माझी नजर दर वेळी मानववंशशास्त्राच्या चार कोर्सांवर थांबते. साठातले चार, म्हणजे अगदीच बाजूला पडलेले. पण ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातींवरचा निबंध त्यांनी वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात, आणि पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या लेखनापैकी आज सर्वाधिक वाचलं जातं ते हे. मुख्य विषयातल्या एकोणतीस कोर्सांची शिस्त त्यामागे नव्हती असं नाही. पण ते लिहायला जागा मिळाली ती शेजारच्या विभागात.

म्हणून यादीतली एक निवड तरी आपल्या विभागाबाहेरची असावी, असं मी सुचवते: कायदा, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्राचा इतिहास, विज्ञानाचा इतिहास, काहीही. विभागाबाहेर गेलं की पहिले काही आठवडे आपण बावळट ठरतो, त्यांचे संदर्भ आपल्याला कळत नाहीत. हे बरंच असतं. सतराव्या शतकातल्या माणसाचं पत्र उघडल्यावरही तसंच होणार असतं.

मूल्यमापनाची पद्धत बघायला विसरू नका. तीन तासांची लेखी परीक्षा असलेला कोर्स आणि पाच हजार शब्दांचा निबंध मागणारा कोर्स यांत दुसरा घ्या, कारण तो निबंध पुढे प्रबंधाचं एक प्रकरण होऊ शकतो. शिकवणारे कोण आहेत तेही बघा, पण फक्त नाव मोठं म्हणून नको. मोठ्या नावांच्या रजा असतात, आणि कोर्स पुष्कळदा संशोधन करणारी एखादी तरुण मुलगी शिकवते. ती तुमचे मसुदे दोनदा वाचेल अशी शक्यताही जास्त असते.

बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या सुरुवातीला कोर्स बदलायची मुभा असते. ती वापरा. भरलेल्या फॉर्मवर जे नाहीत अशा एक-दोन वर्गांत पहिल्या दिवशी जाऊन बसा. तास संपला की शिक्षकांना गाठून विचारा, या विषयावरची मूळ कागदपत्रं या गावात, या ग्रंथालयात, आम्हाला हातात घेऊन बघता येतील का? काही जण पीडीएफची लिंक देतील. एखादे सर किंवा मॅडम वही काढून विशेष संग्रहाच्या, म्हणजे जुनी दुर्मीळ कागदपत्रं ठेवलेल्या, खोलीची वेळ आणि तिथल्या ग्रंथपालांचं नाव लिहून देतील. मग त्याच संध्याकाळी फॉर्म बदलून टाका.